चासीवरचं ठिगळ

आमची जीप दोन वर्षांत तीनदा तुटली, आणि तिन्ही वेळा इंजिन शाबूत होतं. खरं तर इंजिन तसं होतं म्हणूनच ती तुटत होती. पण हे कळायला मला जीपखाली आडवं व्हावं लागलं.

जीप माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर ती आमच्या शेतातल्या राहत्या आखाड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याला टेकून उभी होती. वैजनाथनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला आणि माझ्या सासूबाई, मंजुळाबाई, चुलीपुढून ओरडल्या, "अरे, घर हाय का कापसाचं जिनिंग हाय हे?"

सगळा खटाटोप घोडमाळासाठी. सेनगावच्या अलीकडे आमच्या शिवाराला लागून मुरमाड टेकडी आहे, तिला घोडमाळ म्हणतात. दर जानेवारीत, तुरीची रास झाली की तिथं जीपांची चढाई होते. वेळ कोणी मोजत नाही. पायथ्याला चुन्याची रेघ, मध्यावर लाल झेंडा, माथ्यावर पांढरा. जी गाडी पांढऱ्यापर्यंत जाईल ती जिंकली. आणि अजून एकही गेली नव्हती. लाल झेंड्याच्या वर मांडीइतकी उंच खडकाची पायरी आहे, तिथं सगळ्यांचं घोडं अडतं. कनेरगाव नाक्याचा हिरासिंग त्या पायरीला चाक लावून आलेला होता, आणि तेवढ्यावर नाक्यावरच्या ढाब्यांवर वर्षभर त्याचं बोलणं चालायचं.

पहिल्या वर्षी आमचा क्लच जळाला, रेघेपासून दहा पावलांवर. दुसऱ्या वर्षी मागच्या एक्सलचा दांडा मोडला. तिसरी वेळ गेल्या मार्चमधली, नुसता सराव चालू असतानाची. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जातो. त्याचा पुढचा सांधा सुटला आणि तो फिरता शाफ्ट खालून पत्र्यावर आपटत राहिला. पत्रा फाडून आत आला. वैजनाथच्या पोटरीला अकरा टाके पडले. आमची रेवा तेव्हा चार महिन्यांची होती. तिला पाजताना मी रोज मनात त्या फाटलेल्या पत्र्यावर हात ठेवून पाहायची: शाफ्ट अजून वीतभर वर आला असता तर?

टाके निघाले त्या दिवशी आमचं ठरलं. आणखी एकच चढाई. काहीही तुटलं, एक बोल्ट जरी, तरी इंजिन उतरवायचं आणि परत नाव काढायचं नाही. वैजनाथ शपथ घ्यायला रेवाच्या डोक्यावर हात ठेवायला निघाले. मी हात बाजूला केला.

"लेकराच्या डोक्यावर कशाला? तोंडानं सांगा."

"सांगितलं. एक बोल्ट जरी तुटला, तरी इंजिन उतरलं."

"आणि काम होईल तेव्हा मी समोर बसणार."

"बस की. तू तर तसंबी बसणारच."

ते खरं होतं. मी सगळीकडे बसते. रेवा झाल्यापासून मला डुलकीतसुद्धा ऐकू येतं. हिंगोलीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, त्याचा उपयोग एवढाच झाला होता की कोणती वस्तू कुठून घसरून लेकराच्या अंगावर पडेल, हे मला इतरांच्या आधी दिसायचं.

दिवाळीनंतर अशफाकभाई वेल्डिंगची मशीन घेऊन आखाड्यावर आले. कळमनुरीला त्यांचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, नांगर, मळणीयंत्रं, सगळं जोडून देतात. पन्नाशीचे, बारीक, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता लोखंडाकडे बघणारे. मी विचारलं, एक दुरुस्त केलं की दुसरं काहून तुटतं?

"वहिनी, असं समजा," ते म्हणाले. "बैल बदलले. पण जू तेच, दोर तोच, गाडा तोच. मंग बैल जोर लावणार, आन जे कच्चं ते तुटणार. तुमी क्लच भारी केला, जोर एक्सलवर गेला. एक्सलचा दांडा भारी टाकला, जोर शाफ्टच्या सांध्यावर गेला. जोर तर कुटं ना कुटं जाणारच ना?"

"शेवटी कुठं जायला पाहिजे?"

"चाकातून जमिनीत. मधी कुटंच थांबला न्हाई पायजे, बस."

त्या महिनाभरात मी जीप आतून ओळखायला शिकले. मोठ्या गाडीचा क्लच आला. मागचा एक्सल आख्खा बदलला. शाफ्ट जाड नळीचा केला, सांधे मनगटाएवढे. आणि शाफ्टभोवती दोन लोखंडी कडी लावली, म्हणजे सांधा सुटलाच तर शाफ्ट कड्यात अडकून पडेल, माणसापर्यंत येणार नाही. कड्यांचा हट्ट माझा. वैजनाथ म्हणाले, सांधा आता सुटणारच नाही. मी म्हणाले, मग कड्यांना काही काम पडणार नाही, बसतील बिचारी. डोक्यावर लोखंडी पाइपची चौकट आणि चार बाजूंनी आवळणारे पट्टेही त्याच हट्टातले.

जोर लागला की एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर पिळला जायचा, म्हणून तो धरून ठेवायला दोन दांडे बसवले. त्यांचं एक टोक एक्सलला, दुसरं चासीला. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, दोन लांब लोखंडी पन्हळी. त्या मधल्या भागात बंद करून पेटीसारख्या केल्या, आणि दांडे जिथं येऊन मिळतात तिथं वरून जाड चौकोनी पट्ट्या ठोकल्या. दिवस मावळायच्या आत मी शेडभर फिरून पडलेले नट, वायसर, तारेचे तुकडे डब्यात भरायची. रेवा रांगत होती आणि जग तोंडानं पाहत होती.

काम संपलं. मग वैजनाथनं जे केलं ते आमच्याकडे सगळेच करतात. नवं काम झालं की गाडी धुवायची, चासीला काळा रंग मारायचा, हळदीकुंकू लावून नारळ फोडायचा. रंग न मारता पूजा म्हणजे पारोशानं देवळात गेल्यासारखं. दोन हात रंग बसला. जीप खालून शाळेच्या नव्या फळ्यासारखी दिसायला लागली. बांधावरून, नाल्यातून, नांगरटीतून वैजनाथनं ती आठ दिवस पळवली. काही तुटलं नाही. ते शीळ घालत जेवायला यायचे.

मला मात्र दार दिसत होतं.

डाव्या बाजूचं दार एका बोटानं लागायचं. रेवाला कडेवर घेऊन मी ते शंभरदा लावलं होतं. त्या बुधवारी जीप शेडपुढं उभी होती, मागचं एक चाक बांधावर चढलेलं, आणि दार लागेना. खांद्यानं रेटलं तेव्हा लागलं. सपाटीवर आणली, पुन्हा बोटानं. परत बांधावर, परत खांदा.

"बिजागरीला तेल पाहिजे," वैजनाथ म्हणाले.

"तेल पाहिजे असतं तर सपाटीवरही अडलं असतं. चाक वर गेलं की चौकट वाकडी होते आहे. खाली काहीतरी लवतंय."

"एवढं लोखंड लावलं, आन लवतंय?"

ते शेताला पाणी द्यायला गेले. मी रेवाला सासूबाईंजवळ दिलं, उलथनं घेतलं आणि जीपखाली शिरले. डाव्या पन्हळीवरचा, दांड्याच्या पट्टीजवळचा रंग खरवडून काढला. उघड्या डोळ्यांना काही दिसलं नाही. पण कॉलेजात आमच्या सरांनी एकदा दाखवलं होतं: धातूला पातळ तेल लावा, थांबा, कोरडं पुसा, वर पांढरी भुकटी मारा. बारीक भेगेत शिरलेलं तेल भुकटीवर उमटतं. डिझेल होतंच. भुकटी म्हणून रेवाची पावडर घेतली.

पाच मिनिटं गेली. मग पांढऱ्यावर एक काळपट रेघ उठली. केसासारखी बारीक, करंगळीएवढी लांब. पट्टीच्या अगदी कडेला, वेल्डिंगला लागून.

आठ दिवस ते त्या गाडीतून उड्या मारत होते.

"माझं उलथनं कुटं हाय गं?" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "भाकर जळून राहिली!"

वैजनाथ आले, खाली वाकले, रेघ पाहिली. मग म्हणाले, "रविवारी चढाई हाय. आज बुधवार."

"मला वार माहीत आहेत."

"आठ दिवस पळाली ती. चढ किती, तर दोन मिनिटांचा." त्यांचा आवाज चढला. "तुला इंजिन उतरवायचंच हाय, शिवकन्या. म्हणून तू भेग हुडकून राहिली."

हे लागलं. मी जीपखालून बाहेर आले, तोंडाला पावडर, हाताला डिझेल.

"इंजिन उतरवायचं असतं ना, तर मी गप बसले असते. रविवारी ती आपोआप तुटली असती, सगळ्या गावापुढं. आणि तुम्ही आत असता."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि अशफाकभाईंना लावला.

दुपारच्या आत ते आले. खाली आडवे झाले, रेघेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. बाहेर येऊन टोपी काढली.

"वहिनी बराबर बोलून राहिल्या. चूक माझी हाय. पट्टी मजबूत लावली, पण चौकोनी लावली, आन कडंला आडवं वेल्डिंग मारलं. सगळा जोर त्याच रेघेवर येऊन राहिला. वरून तुमी रंग मारला, मंग कुणाला दिसणार?"

"पट्टी लावल्यानं तुटली?" वैजनाथ म्हणाले. "मजबूत केल्यानं?"

सासूबाई ओट्यावर गोधडी शिवत बसल्या होत्या. मांडीवर रेवा झोपलेली. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यात काय नवल हाय? जुन्या लुगड्याला नवं जाड ठिगळ चौकोनी लावून बघ. ठिगळ राहतं आन त्याच्या कडंला फाटतं."

"मग तुम्ही काय करता, आत्याबाई?" मी विचारलं.

"कोपरे कापायचे. लांबुळकं घ्यायचं, टोकाला निमुळतं. टाके बाजूनं घालायचे, टोकाला आडवा टाका न्हाई घालायचा. मंग ताण सावकाश पसरतो, एकाच जागी ओढ बसत न्हाई."

अशफाकभाई तिथंच उकिडवे बसले. गोधडीचं ठिगळ बोटानं मोजल्यासारखं पाहिलं. "अम्माजी, तुमी तर इंजिनेर निघाल्या."

"इंजिनेर असते तर तुझ्या हातात वेल्डिंग दिलं नसतं," सासूबाई म्हणाल्या. "बस, च्या घे."

चहा झाला आणि काम सुरू झालं. आधी जुनी पट्टी कापून काढली. मग भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. भेगेला अजून भोकं? मी चमकले. अशफाकभाई म्हणाले, भेगेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या सुईवर. भोक पाडलं की सुई बोथट होते, भेग तिथंच थांबते. पुस्तकातलं हेच वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला त्यातलं अक्षरही कळलेलं नव्हतं. मग भेग घासून खोल केली आणि थोडी थोडी भरली. बोटभर भरायची, निवू द्यायची, परत बोटभर. नवी पट्टी आंब्याच्या पानासारखी कापली, हातभर लांब, दोन्हीकडे निमुळती. वेल्डिंग फक्त बाजूंनी. टोकं मोकळी.

"उजवीकडंबी," मी म्हणाले.

"तिकडं भेग न्हाई, वहिनी. तुमीच तर पावडर मारून बघितलं."

"अजून नाही."

त्यांनी वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथ म्हणाले, "उजवीकडंबी करा."

शुक्रवारी काम उरकलं. या वेळी रंग नाही, असं मी सांगितलं. उघडं लोखंड राहील, म्हणजे रोज बघता येईल. गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवला, बस. वैजनाथला मात्र राहवेना. उघड्या चासीची पूजा?

"देवाला रंगाखालचं दिसत न्हाई व्हय रे?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच नारळ फोडला.

मी जीप बांधावर चढवायला लावली. दार एका बोटानं लागलं.

रविवारी जीप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून घोडमाळाला नेली. रस्त्यावर ती चालवायची नाही, कागदात ते इंजिन नाही, एवढं मी आधीच बजावलं होतं. माळावर जत्रा भरली होती. वडापावच्या गाड्या, उसाचा रस, टेकडीच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या दोरांमागं माणसं. माईक सरपंच उत्तमरावांच्या हातात, आणि ते तो सोडत नव्हते.

हिरासिंग हिरव्या जीपला टेकून उभा होता, गळ्यात झेंडूचा हार, गाडीलाही हार.

"वहिनी, ऐकलं तुमी गाडीला पावडर लावून राहिल्या," तो म्हणाला. "काजळबी लावायचं ना, नजर लागंल एखाद्याची."

"आधी तुमची वर जाऊ द्या, भाऊ. मग काजळाचं बघू."

भोवतीची माणसं हसली, हिरासिंगही हसला. मनानं वाईट नाही तो.

सात गाड्या आमच्या आधी. चार लाल झेंड्याच्या खालीच अडकल्या. दोन गाड्यांचे क्लच जळाले, वास खालपर्यंत आला. मग हिरासिंग. त्याची जीप लाल झेंडा ओलांडून गेली, पायरीला पुढची चाकं टेकली, इंजिन गरजलं, आणि फटकन आवाज झाला. मागचा एक्सल. गाडी तिथंच बसली. दोर लावून ती खाली आणली. हिरासिंग धडधाकट होता, हार तेवढा तुटला होता.

"आठवी गाडी! वैजनाथ!" उत्तमराव ओरडले.

वैजनाथचे पट्टे मीच आवळले. ते म्हणाले, "श्वास तरी घेऊ दे." मी एक पट्टा बोटभर सैल केला आणि रेवाला घेऊन सासूबाईंजवळ दोराशी जाऊन उभी राहिले.

जीप निघाली. आधी सावकाश. मी त्यांना पाहत नव्हते, खालचं पाहत होते. शाफ्ट फिरत होता, कड्यांच्या मधोमध, कुठंही न घासता. मुरूम उडत होता. एक्सल दांड्यांना धरून होता, पाटे पिळले जात नव्हते. लाल झेंडा गेला. पुढची चाकं पायरीवर चढली आणि जीपचं नाक आभाळाकडे गेलं. मागचं डावं चाक पायरीला भिडलं, उजवं खाली खड्ड्यात. आता सगळं वजन आणि इंजिनाचा सगळा जोर तिरका, त्या आंब्याच्या पानावर.

टण्ण!

लोखंडावर लोखंडाचा आवाज. "गेली," कोणीतरी म्हणालं. माझ्या हातातली रेवा सासूबाईंनी कधी घेतली ते मला कळलं नाही.

पण जीप घसरली नाही. तशीच तिरकी, एका जागी थरथरत. मग इंजिनाचा आवाज खाली खोल गेला, डावं चाक पायरीवर आलं, त्याच्या मागोमाग उजवं, आणि जीप सपाटीवर आल्यासारखी सरळ झाली. उरलेला चढ तिनं तिसऱ्या मिनिटाच्या आत संपवला. पांढऱ्या झेंड्याची काठी तिच्या चाकाखाली मोडली.

काय आवाज झाला म्हणून सांगू! शिट्ट्या, हलग्या, उत्तमरावांचं माईकमधून नुसतं "पोचली! पोचली!" माणसं दोराखालून घुसून टेकडी चढायला लागली. अशफाकभाई मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वैजनाथ मात्र नाचले नाहीत. ते जीपमधून उतरले, हेल्मेट काढलं आणि जीपशेजारी उभे राहिले. हार घालायला आलेल्यांना त्यांनी हातानं थांबवलं. ते खाली माझ्याकडे बघत होते. एक बोल्ट जरी, असं ठरलं होतं ना.

मी चढायला लागले. नवं लुगडं, पायात साध्या चपला, मुरूम सरकत होता. वर पोचले तेव्हा गर्दीनं वाट दिली. पदर खोचला आणि जीपखाली आडवी झाले.

लोखंड गरम होतं. डावं पान, दोन्ही बाजू, टोकं. उजवं पान. दांड्यांचा एकेक बोल्ट मी धरून हलवला. शाफ्टचे सांधे. एक्सल. पाटे. पुढच्या कड्यावर एक ताजा, चकचकीत पोचा होता आणि कड्यात बोराएवढ्या दगडाची कपची अडकलेली. टण्ण त्याचं होतं. चाकानं फेकलेला दगड. मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"वहिनी," वरून उत्तमरावांचा आवाज आला, "मरायला टेकलो आमी. काय हाय ते सांगा की!"

जीपच्या कडेला हिरासिंगचे धुळीचे बूट येऊन थांबले होते. तोही धापा टाकत वाकून आत बघत होता. "कायबी न्हाई तुटलं ना?" तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मी बाहेर आले. केसांत मुरूम, हात काळे. उत्तमरावांनी माईक पुढं केला, पहिल्यांदाच स्वतःहून.

"काही तुटलं नाही," मी म्हणाले. माझाच आवाज टेकडीवरून परत आला. "इंजिन राहील."

इंजिन राहील म्हणजे काय, हे त्या गर्दीत कोणालाच कळलं नसावं, तरी सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. वैजनाथनं तोंड फिरवलं आणि जीपच्या बॉनेटवर कपाळ टेकलं. खाली पायथ्याशी सासूबाई रेवाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरत होत्या, आणि इतक्या लांबूनही मला दिसलं की त्यांनी तिचे दोन्ही पाय घट्ट धरलेले आहेत.